छोटा सिगार, दहा मिनिटं: मुंबईत सिगारिलो नीट कसा ओढायचा

शुक्रवारी संध्याकाळी घरी पोचलो की आधी आंघोळ, मग पोटात काहीतरी, मग चहा आणि चहा झाला की गच्चीवर जाऊन एक सिगारिलो. आठवड्यातला तेवढाच एक. मोठ्या सिगारला तास-सव्वा तास लागतो, रोज दोन-अडीच तास लोकलमधे घालवणाऱ्या माणसाकडे तेवढा वेळ कुठून येणार, आणि आला तरी मला एवढी तंबाखू झेपत नाही. सिगारिलो दहा ते पंधरा मिनिटांत होतो, चव सिगारची असते आणि पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहूनही मस्त ओढता येतो.

मित्र माझ्याकडून घेऊन बघतात आणि जवळजवळ सगळ्यांचं एकच होतं, लहान आहे, बारीक आहे, पाकिटातून निघतो म्हणून हात आपोआप त्याला सिगारेट समजतो. भराभर झुरके, धूर सरळ छातीत, मग खोकला, गरगर, आणि "कडू आहे रे, तूच ठेव". कडू तो नसतो, घाईने तापवून कडू केलेला असतो. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय, विकत घेण्यापासून विझवण्यापर्यंत.

आधी हे वाच, मग पुढचं

हे अठरा वर्षांवरच्या आणि आधीपासून तंबाखू ओढणाऱ्या लोकांसाठी लिहिलंय. कधीच काही ओढलं नसेल तर सुरू करू नका, मनापासून सांगतो. पाकिटावर माइल्ड, लाइट, ब्लू असं काही लिहिलेलं असतं ते फक्त चवीबद्दल असतं, नुकसान कमी होईल असा त्याचा अर्थ अजिबात नाही. धूर छातीत घेतला नाही तरी तोंड, जीभ, घसा, अन्ननलिका यांच्यावरून तो जातोच, आणि तिथले कॅन्सर सिगारवाल्यांनाही होतात. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेरच्या फुटपाथवर गावाकडून आलेली कुटुंबं बसलेली असतात, ते ज्याने बघितलंय त्याला मी वेगळं काय सांगणार.

सिगारेट सोडायची म्हणून सिगारिलोवर येत असाल तर तसं करू नका. ज्याला वर्षानुवर्षं धूर छातीत घ्यायची सवय आहे तो सिगारिलोचाही धूर छातीत घेतो, आणि त्यात तंबाखू जास्त असते, म्हणजे उलट वाईट. सोडायचंच असेल तर सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. गरोदर बाई घरात असेल, कोणाला दमा असेल, स्वतःला हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर हा लेख इथेच बंद करा.

हे सिगारेटपेक्षा वेगळं का आहे

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं अर्धं काम आपोआप होतं. सिगारेट कागदात गुंडाळलेली असते, सिगारिलो तंबाखूच्याच पानात. चांगल्यात वरचं पान अख्खं, खरंखुरं असतं, स्वस्तात तंबाखूचा भुगा आणि चिकट द्रव्य मिसळून कागदासारखे ताव काढतात आणि ते वापरतात. सिगारेटमधे साधारण पाऊण ग्रॅम तंबाखू असते, सिगारिलोत एक ते तीन ग्रॅम. दिसायला जाडी मात्र जवळपास सारखीच. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, वीस नंबरचा सिगारिलो म्हणजे आठेक मिलिमीटर, सिगारेटही तेवढीच. म्हणूनच फसायला होतं.

खरा फरक धुरात आहे. सिगारेटची तंबाखू बहुतेक गरम हवेच्या भट्टीत सुकवलेली, तिचा धूर थोडा आम्लधर्मी, त्यातलं निकोटीन तोंडात फारसं शोषलं जात नाही म्हणून सिगारेटवाला छातीत ओढतो. सिगारची तंबाखू सावलीत वाऱ्यावर सुकवतात, मग ढीग रचून आंबवतात, आपण ढोकळ्याचं पीठ आंबवतो तशी नाही पण तत्त्व आंबवायचंच, ढिगाच्या आत उष्णता तयार होते आणि पानाचा उग्रपणा जातो. या तंबाखूचा धूर अल्कधर्मी असतो, त्यातलं निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. म्हणजे सिगारिलोचा धूर आत ओढायची गरजच नाही, तोंडात घ्यायचा, चव घ्यायची, सोडून द्यायचा. आत ओढला तर घशाला झोंबतो आणि निकोटीन एकदम अंगावर येतं, ती जी गरगर असते ती यामुळे.

आणि हे आपल्याला परकं आहे असंही नाही. चिरूट हा शब्द मराठीत कधीचा आहे, मूळ तमिळ सुरुट्टु, म्हणजे गुंडाळलेलं. तिरुचिरापल्लीचे चिरूट ब्रिटिशांच्या काळात लंडनपर्यंत जायचे. ते मात्र माइल्ड वगैरे अजिबात नव्हेत.

विकत घेताना

कोपऱ्यावरच्या टपरीवर सिगारिलो मिळतोच असं नाही, मिळाला तर बहुतेक मिंट नाहीतर गोड चवीचा. फोर्ट, कुलाबा भागात तंबाखूची जुनी दुकानं आहेत, तिथे विचारा, आणि घाई नसलेल्या वेळी जा, दुपारी तीन-चारला, म्हणजे दुकानदार बोलतो. सुटा मागू नका. महाराष्ट्रात २०२० पासून सुट्या सिगारेटी-विड्या विकायला बंदी आहे, आणि तसंही सुटा सिगारिलो कधीचा उघड्यावर पडलाय कोणाला माहीत. छोटं पाकीट घ्या, दहाचं, जमलं तर पाचचं.

पाकिटावर तीन गोष्टी बघायच्या. एक, चित्रवाली धोक्याची सूचना, ती २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर असावी लागते. दोन, एमआरपी. तीन, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि महिना-वर्ष. यातलं काहीच नसेल तर तो माल चोरट्या मार्गाने आलाय, कधीचा आहे, कुठे ठेवला होता काही कळायला मार्ग नाही. मी एकदा स्वस्त मिळतंय म्हणून असं पाकीट घेतलं होतं, घरी उघडलं तर प्रत्येकाला टाचणीने टोचल्यासारखी भोकं. तंबाखूतला किडा. त्याचं पुढे सांगतो.

आता चवीचं. नवीन माणसाने फिकट तपकिरी पानाचा घ्यावा. डच पद्धतीचे कोरडे सिगारिलो मुंबईला जास्त सोयीचे, ते मुळातच कोरडे बनवतात, त्यांना ओलावा देत बसावं लागत नाही. डच लोकांची इंडोनेशियात वसाहत होती त्यामुळे सुमात्रा आणि जावाची पानं त्यांच्या हातात आली आणि त्यातून ही सगळी पद्धत तयार झाली. हेन्री विंटरमन्सचा कॅफे क्रेम १९६३ पासूनचा, हलका, थोडा दुधाळ वास. स्वित्झर्लंडची व्हिलिगर १८८८ ची. डानेमान १८७३ मधे ब्राझीलच्या बाहियात सुरू झाली, तिथल्या गडद पानाला कोको-कॉफीकडे झुकणारी चव असते, दुसरं-तिसरं पाकीट म्हणून छान. क्यूबाचे मिनी, म्हणजे कोहिबा, माँटेक्रिस्टो वगैरे, छोटे दिसले तरी चांगले कडक असतात, नाव बघून पहिलाच तो घेऊ नका. आणि इटलीचा तोस्कानेल्लो तर लांबच ठेवा, ती धुरावर सुकवलेली तंबाखू, चुलीजवळ बसल्यासारखं वाटतं. मला स्वतःला आवडतो, पण पोटभर जेवणानंतर आणि वर्षातून दोनदा.

फिल्टरवाला घ्यावा का? मी नाही म्हणेन. फिल्टर ओठात आला की सिगारेटचीच सवय जागी होते आणि धूर आत जातो. गोड टोकवाले, व्हॅनिला-चेरीवाले, त्यात तंबाखूची चव शोधावी लागते.

मुंबईत ठेवायचे कसे, इथेच सगळं बिघडतं

जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत इतकं पाणी असतं की पापड मऊ पडतो, मीठ ओलं होतं, चपलांना बुरशी येते. सिगारिलोचंही तेच होणार. ओला झालेला सिगारिलो ओढायला जड जातो, सारखा विझतो, तोंडात गरम वाफ येते आणि शेवटी कडूशार. तुम्ही दोष ब्रँडला देता, चूक पावसाची असते.

पाकीट फोडलं की टिनच्या डबीवर विसंबू नका. घट्ट झाकणाचा काचेचा किंवा स्टीलचा छोटा डबा घ्या, रबराची रिंग असलेला, आणि सगळे त्यात. कोरड्या पद्धतीचे असतील तर पावसाळ्यात बुटाच्या खोक्यात येते तसली सिलिका जेलची एक पुडी टाका, मिठाच्या बरणीत आई तांदळाचे दाणे टाकायची तसंच. हाताने वळलेले, ओलसर प्रकारचे असतील तर पुडी टाकू नका, त्यांना ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते, त्यासाठी आर्द्रता धरून ठेवणारी तयार पाकिटं मिळतात, ६५ ची घ्या. एसीच्या खोलीत उघडे ठेवाल तर हेच ओलसरवाले दोन-तीन दिवसांत तडकतात.

तपासायचं कसं, बोटांत हलकं दाबून कानाजवळ न्या. कोरड्या प्रकाराला बारीक कुरकुर आवाज यायला हवा. लिबलिबीत लागला तर ओला. चुरा पडला तर गेला.

वासाचं एक बघा. तंबाखू आजूबाजूचा वास पटकन ओढते. माझे पहिले दोन महिन्यांचे सिगारिलो मी कपाटात ठेवले होते, कपड्यांत डांबरगोळ्या, आणि प्रत्येक झुरक्याला डांबरगोळीच लागायची, मला वाटलं सिगारिलोची चवच अशी असते! हिंगाची डबी, मसाल्याचा डबा, अगरबत्ती, साबण, यांच्यापासून लांब. आणि घरात पोरं असतील तर डबा त्यांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी अजिबात नको, तंबाखू लहान मुलाच्या पोटात गेली तर विष आहे.

आता तो किडा. त्याची अंडी पानातच असू शकतात, आणि पंचवीस अंशांच्या वर उबेत ती फुटतात, मुंबईत तर जवळजवळ वर्षभर तेवढं तापमान असतं. संशय असेल तर सिगारिलो झिप पिशवीत हवा काढून तीन दिवस फ्रीझरमधे, मग एक दिवस खाली फ्रिजमधे, मग बाहेर. फ्रीझरमधून थेट बाहेर काढलं तर पाणी सुटतं आणि पान फुटतं. भोकं पडलेले असतील तर सरळ फेकून द्या.

जागा

स्टेशन, लोकल, बस स्टॉप, ऑफिस, हॉटेल, मॉल, थिएटर, कुठेही नाही. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी २ ऑक्टोबर २००८ पासून कडक झाली, दंड दोनशे रुपयांपर्यंत. तीस किंवा त्याहून जास्त खुर्च्यांच्या रेस्टॉरंटला वेगळी बंद खोली ठेवता येते, पण तिथली हवा म्हणजे पन्नास लोकांचा धूर, तिथे चव काय कळणार.

राहिली बिल्डिंग. जिना आणि लिफ्टसमोरची जागा नको, धूर सगळ्या मजल्यांवर फिरतो आणि सिगारचा वास सिगारेटपेक्षा जास्त वेळ राहतो. गॅलरीत ओढायचं असेल तर वरच्यांचे कपडे वाळत आहेत का बघा, शेजारच्यांच्या खिडकीत पाळणा आहे का बघा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा मला शांतपणे सांगितलं, "अरे, तुझा तो वास आमच्या देवघरात येतो." तेव्हापासून गच्ची. सेक्रेटरींना विचारून, आणि संध्याकाळी मुलं खेळून खाली गेल्यावरच.

वारा बघायचा. संध्याकाळी समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून वारा येतो, तर पाण्याच्या टाकीच्या पूर्वेच्या बाजूला उभं राहायचं. भर वाऱ्यात सिगारिलो एका बाजूने भरभर जळतो आणि पाच मिनिटांत संपतो, तेही गरम होऊन. पाऊस असेल तर आज नको, उद्या.

पेटवायचा कसा

रिकाम्या पोटी कधीच नाही. काहीतरी खाऊन अर्धा तास झालेला असावा, आणि शेजारी पाण्याची बाटली.

बहुतेक सिगारिलोंचं तोंडाकडचं टोक उघडंच असतं, कापायची गरज नाही. बंद असेल तर नखाने किंवा छोट्या कात्रीने टोक बंद करणाऱ्या पानाच्या टोपीपुरतंच कापा, जेमतेम दोन मिलिमीटर. न पेटवता एक कोरडा झुरका घ्या, हवा सहज येते का बघा, आणि चवही कळते, सुकं गवत, लाकूड, थोडा मनुक्यासारखा गोडवा. ओढायला फार जड जात असेल तर दोन बोटांत हलके फिरवून मोकळा करा.

काडी लाकडाचीच. मेणाच्या काड्यांचा आणि पेट्रोलच्या लायटरचा वास पहिल्या चार झुरक्यांत येतो. गॅसचा लायटर चालेल. काडी पेटवली की लगेच नेऊ नका, डोकं पूर्ण जळून जाऊ दे, तो गंधकाचा वास जाऊ दे, नुसतं लाकूड जळायला लागलं की मग. सिगारिलो हातातच धरून टोक ज्योतीच्या थोडं वर आणि फिरवत राहायचं, वांगं भाजतो तसं, ज्योत चिकटवायची नाही. सगळीकडून कडा करड्या झाल्या की तोंडात घेऊन दोन हलके झुरके, आणि मग टोकावर हळूच फुंकर घालून बघा, पूर्ण गोल लाल दिसला पाहिजे. एक बाजू काळी राहिली असेल तर तिथेच काडी दाखवा. या कामाला अर्धं मिनिट जातं, आणि हे अर्धं मिनिट वाचवलं की पुढे सगळा वेळ वाकडं जळणं सरळ करण्यात जातो.

ओढायचा कसा

मिनिटाला एक झुरका. खरंच घड्याळ बघा पहिल्या दोन-तीन वेळा. बारीक असल्यामुळे हा मोठ्या सिगारपेक्षा लवकर तापतो, आणि तापला की कडू. झुरका लहान, गालांनी ओढायचा, सरबत स्ट्रॉने पितो तसा, छातीने नाही. धूर तोंडात दोन-तीन सेकंद, जिभेवरून फिरू दे, मग सोडून द्या. मधे पाण्याचा घोट. जुने सिगारवाले थोडा धूर नाकातूनही सोडतात, त्याने वास जास्त कळतो, पण पहिल्या पाकिटात ते करू नका, डोळ्यांत पाणी येईल.

पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात चव हलकी, मधल्यात सगळ्यात छान, हाच तो भाग ज्याच्यासाठी एवढं सगळं, आणि शेवटच्यात डांबर आणि निकोटीन साचत जातं, चव जड होते. म्हणून मी शेवटचा तिसरा हिस्सा ओढतच नाही. पैसे दिलेत म्हणून थोटूक बोटाला चटका बसेपर्यंत ओढणारे बघितलेत, तो भाग फुकट मिळाला तरी घेऊ नये.

राख सारखी झटकू नका, सेंटीमीटरभर होऊ दे, तिच्यामुळे टोक थंड राहतं, मग कडेला टेकवली की आपोआप पडते. वाकडं जळायला लागलं तर हळू जळणारी बाजू खाली धरा, आणि तरी जमत नसेल तर तिथे काडी. विझला तर राख काढून, एकदा बाहेरच्या बाजूला फुंकर मारून पुन्हा पेटवा, पाच मिनिटांच्या आत असेल तर काही बिघडत नाही. अर्धा विझवून उद्यासाठी ठेवणं मात्र नको, उद्या तो जुन्या राखेसारखाच लागतो.

गरगरायला लागलं, घाम फुटला, मळमळलं तर तो निकोटीनचा झटका आहे. लगेच विझवा, खाली बसा, गच्चीच्या कठड्यापासून लांब बसा, पाणी प्या, साखर किंवा गुळाचा खडा तोंडात टाका. पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटतं, उलट्या थांबत नसतील किंवा छातीत धडधडत असेल तर डॉक्टर. आणि एकामागून दुसरा कधीच पेटवायचा नाही.

सोबत काय

कटिंग चहा आधी प्या, सोबत नको, आलं-वेलची इतकी जोरात असते की पानाची चव मरते. फिल्टर कॉफी, माटुंग्यात मिळते तशी, कमी साखरेची, ही फिकट पानासोबत छान जाते. गडद ब्राझिलियन पानासोबत मला शेंगदाण्याची चिक्की आवडते, एक तुकडा आधी, एक मधे. साधं पाणीही पुरतं. दारूसोबत ओढलेला सिगारिलो मोजला जात नाही, एकाचे तीन होतात, आणि दारू आणि तंबाखू एकत्र आली की तोंडा-घशाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेने नाही, त्याहून जास्त वाढतो. म्हणून ते दोन मी एकत्र करत नाही.

विझवणं आणि नंतरचं

सिगारेटसारखा चिरडू नका, चिरडला की सगळा जुनाट वास एकदम सुटतो. ॲशट्रेमधे नुसता ठेवून द्या, दोन-तीन मिनिटांत स्वतः विझतो. माझा ॲशट्रे म्हणजे जुनी लोणच्याची बरणी, तळाशी बोटभर पाणी. विझल्यावर थोटूक त्यात टाकायचं, झाकण लावायचं, खाली न्यायचं. कुंडीत खोचायचं नाही, गच्चीवरून खाली तर टाकायचंच नाही, खाली ताडपत्री असते, वाळत घातलेल्या साड्या असतात.

घरात शिरण्याआधी हात कोपरापर्यंत साबणाने, चूळ, जीभ घासून दात, आणि शर्ट बदलायचा. माझा गच्चीचा एक जुना शर्ट वेगळाच आहे, तो दाराबाहेरच्या खुंटीला असतो. मुलगी साडेआठला क्लासवरून येते, त्यामुळे मी आठच्या आत खाली आलेलो असतो.